पूर्वज तपासणाऱ्या बाई

खोली भाड्यानं देण्याआधी माणसं काय विचारतात? नोकरी कुठे, सिगरेट ओढता का, कुत्रं-मांजर आहे का. अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या आमच्या घरमालकीणबाईंनी दार उघडलं, मला टोपीपासून बुटापर्यंत पाहून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या पणजोबांचं नाव काय?"

मी बर्फात उभा. मिशीवर श्वास गोठलेला. वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं आणि पणजोबांपाशी येऊन अडलो. गणपत की गोपाळ? अंदाजानं गोपाळ म्हणालो.

"नक्की?"

"बहुतेक."

"बहुतेक? ते काय उद्याचं हवामान आहे? काम काय करतोस?"

"डेटाबेस सांभाळतो. कंपन्यांची माहिती नीट लावून ठेवायची."

"आणि त्या कंपन्यांना ठाऊक आहे का, की तुला स्वतःचा पणजोबा सापडत नाही?"

खोली मिळाली, पण एका अटीवर. उन्हाळ्याच्या आत सात पिढ्यांची नावं आणून द्यायची. बाई अर्थातच हे सगळं इंग्रजीत बोलायच्या. पण मी इतकी वर्षं त्यांची नक्कल मराठीत करत आलोय, की आता त्या मला मराठीतच ऐकू येतात.

बाईंची ओळख करून द्यायला हवी. वय अठ्ठ्याहत्तर, उंची पाच फुटांच्या आत, आवाज मात्र सहा फुटी. विद्यापीठाच्या ग्रंथालयात आयुष्यभर पुस्तकांची सूची करून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. "तपासण्यालायक उमेदवार मिळाला नाही," असं त्या सांगायच्या. त्यांचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधून आलेले. तिथे माणसं कुळांत विभागलेली असतात. त्याला क्लॅन म्हणतात. प्रत्येक कुळाचा एक प्रमुख, एक निशाण आणि चौकटीचं एक ठरलेलं कापड. अमेरिकेत आलेल्या वंशजांनी आपापल्या कुळाची मंडळं काढली आहेत, आणि बाई अशाच एका मंडळाच्या वंशावळी सांभाळत. कुळाचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की पत्रं येतात.

घरातली सर्वात उबदार खोली बाईंनी स्वतःला ठेवली नव्हती. ती त्यांच्या कार्डांची होती. ग्रंथालयानं टाकून दिलेली लाकडी खणांची कपाटं भिंतभर, आणि खणांत हजारो कार्डं. एका माणसाचं एक कार्ड: जन्म, लग्न, मृत्यू, आई, बाप आणि खाली पुरावा. पुरावा नसेल तर ती जागा लाल शाईनं अधोरेखित. कागदाला दमट हवा सोसत नाही म्हणून त्या खोलीला हीटर, आणि बाई स्वयंपाकघरात दोन स्वेटर घालून सूप पिणार.

माझी बायको नागपूरहून आली तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी पुरणपोळी खाली नेऊन दिली आणि बाईंना 'मावशी' म्हणाली. अर्थ विचारल्यावर तिनं सांगितलं, आईची बहीण.

"मला नागपुरात बहीण नाही," बाई म्हणाल्या.

"तसं नाही हो. प्रेमानं म्हणतात."

"प्रेमानं मी पोळी खाईन. नात्याचं आपण नंतर तपासू."

इकडे मी सात पिढ्यांसाठी नागपुरातल्या काकांना फोन केला. काका आनंदानं वेडेच व्हायचे बाकी राहिले. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत कुणीतरी छापला होता, तो त्यांनी पानोपान स्कॅन करून पाठवला. मी तो बाईंना इंग्रजीत करून सांगू लागलो. तिसऱ्या संध्याकाळी बाईंनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

"तुझा हा पाचवा पूर्वज. गावासाठी विहीर बांधली म्हणतोस."

"हो. मोठी विहीर. अजून आहे."

"ती यानं मेल्यानंतर चार वर्षांनी बांधलेली दिसते."

मी काकांना फोन लावला. दोन्ही तारखा वाचून दाखवल्या. मग काका गरजले, "त्या बाईला सांग, आमच्या घराण्यात माणसं मेली तरी हातातलं काम सोडत नाहीत!"

मी हे जसंच्या तसं सांगितलं. बाई इतक्या हसल्या की चष्मा सूपमध्ये पडला. पण हसून झाल्यावर त्यांनी माझ्या पाचव्या पूर्वजाचं कार्ड केलं आणि विहिरीखाली लाल रेघ ओढली. आमचं अख्खं घराणं आता मिशिगनमधल्या एका लाकडी खणात, एका स्कॉटिश कुळाच्या शेजारी, लाल रेघेसकट राहायला आलं होतं.

रविवारी बाई मला दफनभूमीत नेत. कामासाठी. जुन्या दगडांवरची अक्षरं झिजून सपाट होतात. समोरून पाहिलं तर कोरा दगड. मग एकानं बाजूला उभं राहून मोठा आरसा धरायचा आणि उन्हाचा कवडसा दगडावर तिरका टाकायचा. तिरक्या उजेडात अक्षरांच्या खोबणीत सावली भरते आणि नसलेलं नाव हळूहळू वर येतं. आरसा धरायचं काम माझं. हात बधिर व्हायचे. बायको मैत्रिणींना फोनवर सांगायची, "अगं, वीकेंडला आम्ही कुठे जाणार? हा दुसऱ्यांच्या दफनभूमीत आरसा धरायला जातो." पण खरं सांगतो, पहिल्यांदा त्या कोऱ्या दगडावर एका बाळाचं नाव आणि त्याचे अकरा दिवस उमटले, तेव्हा मी थंडी विसरलो. बाई गुडघ्यांवर बसून अक्षर न् अक्षर उतरवून घेत होत्या, जणू ते बाळ आत्ताच हाक मारून उत्तराची वाट बघतंय.

आता उन्हाळ्यातल्या मेळ्याबद्दल सांगायला हवं. गावाबाहेर मोठ्या मैदानावर स्कॉटिश खेळ भरतात. किल्ट नावाचा चौकटीचा घागरा घातलेले धिप्पाड पुरुष झाडाचे अख्खे सोट उचलून भिरकावतात, बॅगपाइप वाजतात, आणि कडेनं ओळीत एकेका कुळाचा तंबू. आमच्या बाईंच्या तंबूत एक टेबल, बिस्किटांचा डबा आणि कार्डांचे चार खण. लोक यायचे. एकदा एक ट्रकड्रायव्हर आला. हातात कागदाचा चिटोरा, त्यावर आजीचं माहेरचं नाव.

"मी तुमच्यातला आहे का हो?" त्यानं विचारलं. असा लाजून, जणू शाळेत प्रवेश मागतोय.

बाईंनी खण ओढला, बोटं चालवली, दोन कार्डं काढली. मग त्याला गाव सांगितलं, गल्लीतलं घर सांगितलं, कोणत्या जहाजानं कोण आलं आणि जहाजावर कोण जन्मलं ते सांगितलं. त्या माणसानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. दहा मिनिटांपूर्वी तो पन्नाशीचा होता. तंबूतून बाहेर पडला तेव्हा दोनशे वर्षांचा झालेला.

आणि त्याच दुपारी एक श्रीमंत गृहस्थ आले. मखमली जाकीट, मोज्यात खोचलेला खंजीर, छातीवर बिल्ले. आपण कुळप्रमुखाच्या धाकट्या भावाचे थेट वंशज, असं त्यांनी जाहीर केलं.

"त्या भावाला मूलबाळ नव्हतं," बाई कार्डाकडे न पाहता म्हणाल्या. "पोशाख मात्र सुरेख आहे. बिस्कीट घ्या."

मंडळाच्या नोंदवहीत दोन याद्या होत्या. पहिली रक्ताची, म्हणजे ज्यांची वंशावळ बाईंनी सिद्ध केली आहे ते. दुसरी निष्ठेची. पुरावा नाही, पण कुळप्रमुखाला आपला मानतो, असं सही करून सांगणारे. सभासद दोघंही. पण मिरवणुकीत कुळाचं निशाण फक्त पहिल्या यादीतल्यानं धरायचं आणि दुसऱ्या यादीतल्यांनी सर्वात मागच्या रांगेत चालायचं, असा बाईंनीच करून घेतलेला नियम होता. निशाण वर्षानुवर्षं बाईच धरायच्या. पाच फुटांच्या बाई आणि नऊ फुटांची काठी.

दुसऱ्या यादीत सर्वात वर होते एक निवृत्त दातांचे डॉक्टर. त्यांच्या पणजीची कागदपत्रं चर्चला लागलेल्या आगीत जळाली होती. मैदानावर तंबू आणणारे डॉक्टर, खुंट्या ठोकणारे डॉक्टर, बिस्किटं भाजून आणणारे डॉक्टर, बाईंचे खण उचलून गाडीत ठेवणारे डॉक्टर. वीस वर्षं. आणि वीस वर्षं मागच्या रांगेत.

"त्यांची पणजी तुमच्यातलीच असणार," मी एकदा म्हणालो.

"'असणार' ही मला मान्य असलेली तारीख नव्हे," बाई म्हणाल्या.

मग त्या हिवाळ्यात मी बाईंची कार्डं संगणकावर चढवायला घेतली. रोज संध्याकाळी एक खण. सगळी चढवून झाल्यावर मला लहर आली. आमच्या विहिरीवरूनच सुचलं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: जे जे अशक्य आहे ते शोधून काढ. मेल्यावर लग्न केलेले, आईच्या आधी जन्मलेले, असे. खिजवायलाच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईंच्या चार-दोन चुका काढून दाखवू, हा माझा पाजी विचार.

सतरा ओळींची यादी आली. बहुतेक ठिकाणी आकडे चढवताना माझीच बोटं घसरली होती. नववी ओळ मात्र तशी नव्हती. अमेरिकेत आलेला एक डोनाल्ड. त्याचा बाप म्हणून कुळप्रमुखाचा एक सरदार चुलतभाऊ लावलेला. आणि तो बाप डोनाल्डच्या जन्माआधी पाच वर्षं वारलेला.

मी मूळ कार्ड काढून पाहिलं. हा डोनाल्ड म्हणजे बाईंचाच पूर्वज. अक्षर गोलगोल, शाळकरी. कोपऱ्यात बारीक लिहिलेलं, 'पहिलं कार्ड'. पुराव्याच्या जागी दोनच शब्द: 'बाबांनी सांगितलं'. खाली लाल रेघ नव्हती.

बाईंचे वडील डेट्रॉइटला कारखान्यात फिटर होते. अकरा वर्षांच्या मुलीला समोर बसवून त्यांनी घराण्याची नावं सांगितली आणि तिनं ती लिहून घेतली; बाईंचा हा सगळा उद्योग तिथून सुरू झाला. बाईंनी जगभराचे बाप तपासले होते. स्वतःचा तेवढा राहिला.

मी वर जाऊन ती ओळ यादीतून काढून टाकली.

"डिलीट केलीस?" बायको म्हणाली. "अरे यार, काय हे! त्यांना कळलं तर?"

"कसं कळेल? सोळा ओळी दाखवतो. खूश होतील."

"तू ना, एक दिवस आपल्याला बर्फात काढशील."

दुसऱ्या दिवशी मी छापलेला कागद बाईंसमोर ठेवला. त्या पेन्सिल घेऊन सावकाश खाली गेल्या. मध्येच थांबल्या. आठ नंबरच्या खाली दहा नंबर होता. वाचकहो, मी वीस वर्षं डेटाबेस सांभाळतोय. मी ओळ काढली होती, अनुक्रमांक तसेच ठेवले होते.

"नऊ कुठे गेला?"

"प्रिंटरनं खाल्ला असेल."

"प्रिंटरला माझ्याबद्दल इतकी माया कधीपासून?"

बाईंनी हात पुढे केला. मी खणातून ते पहिलं कार्ड आणून दिलं. त्यांनी दोन तारखा वाचल्या, पुन्हा वाचल्या. ओरडतील असं वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुला हे बघून वाईट वाटलं म्हणून तू लपवलंस. यापुढे माझ्या कार्डांना हात लावायचा असेल तर वाईट वाटून घ्यायचं नाही." आणि ड्रॉवरमधून लाल शाईचं पेन काढलं.

त्यानंतर तीन महिने बाई स्वतःच्या मागे लागल्या. स्कॉटलंडमधल्या दप्तरखान्यांना पत्रं गेली. जहाजांच्या याद्या आल्या. जेवणाचं टेबल कागदांखाली गेलं. जून महिन्यात एका चर्चच्या जुन्या वहीच्या पानाचं छायाचित्र आलं. बाईंनी आम्हाला दोघांनाही खाली बोलावलं.

"डोनाल्ड सरदाराचा मुलगा नव्हता. सरदाराची गुरं वळणाऱ्याचा मुलगा होता. आडनाव भलतंच. आमच्या कुळाचं नाव त्यानं अमेरिकेत उतरल्यावर लावलं. कुणाला न विचारता."

बायको पुढे सरकली. "मावशी, त्यानं काय होतं? माझ्या आजोबांना दत्तक घेतलं होतं. कुलवृत्तांतात त्यांचं नाव इतरांसारखंच छापलंय. कुणी काही म्हणत नाही."

"त्यांना कुणीतरी घेतलं होतं, मुली. याला कुणी घेतलं नाही. यानं उचललं."

"पण कुणाला कळणार आहे?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. "ट्रकवाला आला होता, टोपी काढून उभा राहिला होता. त्यानं माझ्या शब्दावर टोपी काढली. मी माझंच कार्ड सोडलं, तर त्याच्या कार्डाचं काय?"

मेळ्याच्या दिवशी ऊन कडक. मिरवणुकीआधी तंबूत मंडळाची सभा असते. घडीच्या खुर्च्यांवर पंधरा-वीस माणसं, हातात लिंबूसरबत. बाई उभ्या राहिल्या. कुळाच्या कापडाचा स्कर्ट, खांद्यावर शाल. पहिला विषय, नोंदवहीतली दुरुस्ती. दरवर्षी असतोच, लोक वारा घेत बसले होते.

मखमली जाकीटवाल्या गृहस्थांना उत्तर देताना जो कोरडा आवाज होता, तोच. कार्ड क्रमांक एक. अमुक सालचा जन्म, तमुक सालचा मृत्यू. चर्चच्या वहीतलं पान. जहाजाची यादी. "म्हणून पहिल्या यादीतून पुढील नाव वगळावं," असं म्हणून त्यांनी स्वतःचं नाव वाचलं.

लिंबूसरबताचे पेले जिथल्या तिथे राहिले. बाहेर कुणीतरी बॅगपाइप जुळवत होतं.

सर्वात आधी उठले डॉक्टर. "बाई, आम्ही काही ऐकलं नाही. पुढचा विषय घ्या."

"तुम्ही ऐकलं आहे. तुमचे कान चांगले आहेत."

"मग नियमच काढून टाकू. आत्ता हात वर करा सगळे. एकच यादी ठेवू."

भराभर हात वर गेले. एकूण एक. मी सभासद नव्हतो, तरी माझाही गेला. बाईंनी ते सगळे हात नीट पाहून घेतले.

"खाली घ्या," त्या म्हणाल्या. "हे डॉक्टर वीस वर्षं मागे चालले. तेव्हा एकही हात वर आला नाही. आला असता तर मी खाली करायला लावला असता. आज माझी पाळी आली म्हणून नियम वाईट झाला का? पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी काढा. मी तेव्हा हात वर करीन. आज नाही."

डॉक्टर खुर्चीवर बसले. नाक पुसत म्हणाले, "मी दरवर्षी मांडणार होतो."

"मग मांडलं का नाही?"

"तुमची भीती वाटायची."

तंबूत हशा पिकला. बाईसुद्धा हसल्या, थोड्याशा. मग त्या खाली बसल्या, नोंदवहीचं मागचं पान उघडलं आणि दुसऱ्या यादीत, शेवटच्या नावाखाली, आपलं नाव लिहिलं. सही केली. पहिल्या यादीतल्या नावावर लाल रेघ ओढली, पट्टी लावून, सरळ. निशाण त्यांनी मंडळातल्या एका उंच तरुणीकडे दिलं. ती टपाल वाटायची आणि तिच्या अकरा पिढ्या बाईंनीच सिद्ध केल्या होत्या. तिचा चेहरा पडला होता. "रडू नकोस," बाईंनी तिला बजावलं. "काठी हलते."

मी आणि बायको दोरखंडापलीकडे प्रेक्षकांत जाऊन उभे राहिलो. मी खरं तर विनोद जमवायला त्या मैदानावर जायचो. त्या दिवशी मला एकही सुचला नाही. आयुष्यभर बांधलेलं घर एका तारखेसाठी सोडून चालतं होणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मिरवणुकीसाठी रांगा लागू लागल्या. बाई सवयीनं पुढे निघाल्या, चार पावलं गेल्या, थांबल्या आणि वळून मागे आल्या. सगळं मैदान बघत होतं, किंवा मला तसं वाटलं. शेवटच्या रांगेत डॉक्टरांनी सरकून जागा केली. दोरखंडाजवळच होते, म्हणून आम्हाला ऐकू आलं.

"इथे या. माझ्या डावीकडे," डॉक्टर म्हणाले. "आणि एक लक्षात ठेवा. इथे पाइपचा आवाज उशिरा पोचतो. कानावर विसंबलात तर पाऊल चुकतं. पुढच्याच्या टाचांकडे बघायचं."

"हे मला कुणी कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी मागे आलाच नाहीत."

ढोल वाजला. निशाण उचललं गेलं, पुढची रांग निघाली, तिच्यामागची निघाली. बाईंनी मान खाली घालून टाचांवर नजर लावली आणि तरीही निघाल्या त्या उलट्या पायावर. सगळ्यांचा डावा पडला तेव्हा यांचा उजवा. त्यांना कळलं नाही. डॉक्टरांना कळलं. त्यांनी बाईंकडे पाहिलंही नाही. एक छोटीशी उडी घेतली आणि स्वतःचं पाऊल बदलून टाकलं.

अख्ख्या मिरवणुकीत दोनच माणसं चुकीच्या पायावर चालत होती, आणि दोघांची पावलं अगदी एकत्र पडत होती.